आसोदे ते जळगाव : दोन कोसांची वाट

तीर्थक्षेत्रे अनेक प्रकारची असतात. काही नद्यांच्या संगमामुळे, काही देवतेच्या वास्तव्यामुळे, तर काही संतांच्या समाधीमुळे पावन झालेली असतात. त्यांची माहात्म्ये छापलेली असतात, तेथे यात्रेकरूंची रीघ लागलेली असते आणि तेथून परतताना प्रसाद कोणता आणावयाचा हेही ठरून गेलेले असते. परंतु एखाद्या शेतकरणीने जेथे जन्मभर दळणकांडण केले, निंदणी-खुरपणी केली, मुले वाढविली, नातवंडे अंगाखांद्यावर खेळविली आणि हे सारे करता करता मराठी भाषेला आपले ऋणी करून ठेवले, त्या जागेचे माहात्म्य सांगणारा पुराणिक सहसा भेटत नाही. असे एक क्षेत्र खानदेशात आहे. त्याच्या एका टोकाला आसोदे हे गाव व दुसऱ्या टोकाला जळगाव शहर असून मधले अंतर सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने दोन कोसांचे आहे. बहिणाबाई चौधरी यांचे माहेर आसोद्याला व सासर जळगावला. एकाहत्तर वर्षांचे त्यांचे आयुष्य बहुतेक या दोन कोसांतच सामावले.

वाचकांपैकी कोणाचा घोटाळा होऊ नये म्हणून आरंभीच सांगितलेले बरे, की तुकोबारायांच्या शिष्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या सतराव्या शतकातील संत बहिणाबाई त्या निराळ्या. या बहिणाबाई अगदी आपल्या आजीच्या-पणजीच्या काळातील. त्यांचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी, नागपंचमीच्या सणाला झाला, आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी जळगाव येथे त्यांनी देह ठेवला.

आम्ही उभयता जळगावला गेलो ते मार्गशीर्षात. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे शहर वसलेले आहे. सुरतेकडून तापीच्या खोऱ्यातून येणारा फाटाही येथेच मिळतो. पूर्वी सबंध खानदेश हा एकच जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले व पूर्व खानदेशचे मुख्य ठाणे जळगाव झाले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आल्यावर त्याच पूर्व खानदेशास जळगाव जिल्हा हे नाव मिळाले. गाडीच्या खिडकीतून दिसणारी जमीन काळीभोर, कापसाला मानवणारी. मार्गशीर्षात वेचणी चालू असल्यामुळे पांढऱ्या बोंडांनी शेते फुललेली होती. जेथे पाण्याची सोय तेथे केळीच्या बागांची हिरवी भिंत उभी असावी आणि जेथे ती नाही तेथे दादर ज्वारी वाऱ्यावर डोलत असावी, असा एकंदर देखावा. देशावरच्या माणसाला हा मुलूख प्रथम सपाट व उघडाबोडका वाटतो. पण दोन दिवस राहिल्यावर तेथील माणसांच्या आदरातिथ्याने ती भावना पार नाहीशी होते.

आसोदे जळगावच्या ईशान्येस आहे. हल्ली रिक्षाने पाव तासात पोहोचता येते. गावाच्या शिवारात भरताच्या वांग्यांची शेते पाहून सौ.ची पावले आपोआप तिकडे वळली. जळगावच्या या हिरव्यागार, लठ्ठ वांग्यांची कीर्ती फार मोठी असून २०१६ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या जाळावर वांगी भाजावयाची, हिरव्या मिरच्यांसह लाकडी बडगीत कुटावयाची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर खावयाची, ही तेथील रीत. अमुक एक पक्वान्न म्हणून त्याचा गाजावाजा नाही. शेतात जे पिकते व शेतातच जे जळण मिळते त्यातून हे अन्न तयार होते. बहिणाबाईंच्या गाण्यांची जातकुळीही मला हीच वाटते.

याच गावात उखाजी महाजन व भिमाई यांच्या पोटी बहिणाबाई जन्मल्या. तीन भाऊ, तीन बहिणी असे भरलेले घर. शाळेचे तोंड त्यांनी कधी पाहिले नाही. अक्षरओळख शेवटपर्यंत झाली नाही. मात्र कान उघडे होते. कीर्तने, भारुडे, सणावारांची गाणी, बायकांच्या ओव्या हे सर्व त्या कानांवाटे आत जात होते. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात व तिचे महत्त्व आपल्याकडील दिवाळीइतके. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बहिणाबाईंच्या गाण्यांत आखाजीचा हा झोका आहे, पोळ्याचे बैल आहेत, गुढीपाडवा आहे. वर्षाचे बारा महिने त्यांत फिरून येतात.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले आणि दोन कोसांची ती वाट त्या चालून गेल्या. आज आपण म्हणू, की दोन कोस म्हणजे अंतर ते काय! परंतु त्या काळची सासुरवाशीण दोन कोसांवरच्या माहेराला वर्षातून किती वेळा जात असे, हे ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकले असेल त्यांनाच ठाऊक. नवऱ्याची परवानगी, सासूची सोय, शेतीचा हंगाम आणि कोणीतरी मुराळी येणे, इतकी गाठ जुळली म्हणजे मग जावयाचे. बहिणाबाईंनी या वाटेवर गाणे केले आहे. एवढी सासरी रमलेली बाई माहेर माहेर का करते, असा प्रश्न त्यात एका योग्याच्या तोंडी घातलेला आहे आणि त्याला दिलेले उत्तर असे, की आई सासरी पाय रोवून राहते म्हणून तर तिच्या पोटच्या मुलीला हक्काचे माहेर लाभते. आमच्या सौ.ने हे गाणे शाळेत असतानाच पाठ केलेले. आसोद्याहून परत येताना तिने ते हळूच म्हटले व बराच वेळ ती खिडकीबाहेर पाहत राहिली. तिचे माहेरचे घर आता उरलेले नाही. मीही काही बोललो नाही.

जुन्या जळगावात चौधरीवाड्यातील बहिणाबाईंचे राहते घर स्मारक म्हणून जतन केलेले आहे. त्यांच्या संसारातील वस्तू व शेतीची अवजारे तेथे मांडून ठेविली आहेत. राजवाड्यातील संग्रहालये पाहणाऱ्याला येथे पाहण्यासारखे काय आहे असे वाटेल. परंतु ज्याच्या घरात एके काळी जाते फिरत होते तो मनुष्य येथे उभा राहिला की त्याला ती घरघर ऐकू येऊ लागते. नांदत्या एकत्र कुटुंबात पहाटे कोंबडा आरवण्यापूर्वी दळणाला बसावे लागे. जात्याच्या पाळूत मूठमूठ घास घालावा, खुंटा धरून ओढावे, दमलेल्या हाताला दुसरीने हात लावावा, आणि श्रमाचा शीण कळू नये म्हणून ओवी म्हणावी. बहिणाबाईंचे काव्य याच वेळी व याच ठिकाणी जन्मले. पुढे दिवसभर पाणी, शेण, चूल, शेत हे चालू असे व गाणेही चालू असे.

ओवीची ही परंपरा किती जुनी आहे याचा पुरावा संस्कृत ग्रंथातही सापडतो. बाराव्या शतकातील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांनी गीतेवरील टीकेसाठी ओवी हाती घेतली, त्याच्या दीडशे वर्षे आधीपासून ती उखळाशी व जात्याशी रूढ होती. त्याहूनही मागे गेल्यास सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली ‘गाथासप्तशती’ आहे. त्या महाराष्ट्री प्राकृत गाथांत नांगर धरणारा हालिक आहे, त्याची गृहिणी आहे, कापसाचे शेत आहे, पहिला पाऊस आहे. संस्कृत काव्याच्या अभ्यासकाला ती शेतकरीण तेथे प्रथम भेटते. पण तेथे बहुधा दुसरा कोणी तिच्याविषयी बोलत असतो. बहिणाबाईंच्या गाण्यांत ती शेतकरीण स्वतः बोलते. दोन हजार वर्षांच्या मराठी मातीत हा फरक लहान नव्हे.

त्यांच्या आयुष्यात सुखाचा भाग थोडा. वयाच्या तिशीतच वैधव्य आले. ओंकार व सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. सोपानाचा जन्म १९०७ चा, म्हणजे बाप गेला तेव्हा ते मूल पुरते कळतेही झालेले नव्हते. त्या काळी प्लेगाच्या साथी गावेच्या गावे ओसाड करीत. मुंबईत १८९६ मध्ये दिसलेला हा रोग पुढे कित्येक वर्षे महाराष्ट्रभर फिरत राहिला. त्याने ओंकाराला गाठले. प्राण वाचला, पण शरीराला कायमचे अपंगत्व आले. विधवा बाई, एक मुलगा अधू, दुसरा लहान, शेतीचे काम आणि भाऊबंदांच्या घरातील दिवस! ज्यांनी एकत्र कुटुंबात अशी एखादी काकू किंवा आत्या पाहिली आहे त्यांना अधिक सांगण्याचे कारण नाही. या दिवसांतील एका गाण्यात त्या दारी आलेल्या जोश्याला परत पाठवितात व आपला हात दाखविण्यास नकार देतात. माझे दैव मला कळले आहे, असे म्हणणाऱ्या त्या बाईच्या स्वरात रड नाही, की देवावर राग नाही. रडणे आवरून कामाला लागलेल्या माणसाचा तो स्वर आहे. मी पुष्कळ सुभाषिते शिकविली, दैव व पुरुषकार यांवरचे श्लोक फळ्यावर लिहिले. त्या सर्वांचा अर्थ या एका नकारात मला एकत्र आढळतो.

शेतात मात्र त्यांचे मन मोकळे होते. पेरणी, निंदणी, कापणी, मळणी, उफणणी, एकही काम त्यांच्या गाण्यातून सुटलेले नाही. उफणणीच्या वेळी तिवईवर उभे राहून वाऱ्याची वाट पाहावी लागते. वारा पडला तर राशी तशाच पडून राहतात. शहरातल्या कवीला वारा म्हणजे सुगंध वाहणारा दूत. बहिणाबाईंना तो भुसा उडवून देणारा घरचा गडी, म्हणून त्याला बोलाविण्यातही आर्जव व अधिकार दोन्ही आहेत. विहिरीवरची मोट, तिची धाव, बैलांचे कष्ट हे त्यांनी पाहिले ते पाण्याची खरी किंमत ठाऊक असलेल्या डोळ्यांनी.

सुगरणीच्या खोप्याचे त्यांचे गाणे तर महाराष्ट्रातील लहान मुलांनाही ठाऊक आहे. पक्षिशास्त्रज्ञ सांगतात, की तो खोपा नर विणतो व मादी तो पसंत करून आत शिरते. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास किहीम येथे या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले होते. एका विद्यार्थ्याने मला वर्गात हे दाखवून दिले व विचारले, की मग गाणे चुकीचे म्हणावयाचे काय? मी त्याला म्हटले, “बाळ, गाण्यातला प्रश्न माणसाला आहे. पाखरू इवल्याशा चोचीने एवढे करते, तर दोन हात असलेला तू काय करतोस? त्याचे उत्तर आधी दे, मग नर-मादीचा निवाडा करू.” मुले हसली, पण त्या दिवशी वर्गाची साफसफाई न सांगता झाली.

त्यांच्या भाषेविषयी दोन शब्द लिहावयास हवेत. ही खानदेशातील लेवा समाजाच्या घरांत बोलली जाणारी बोली आहे. आसोद्यात एका ओट्यावर एक वृद्ध बाई तुरीच्या शेंगा सोलीत बसल्या होत्या. सौ.ने त्यांना विचारले, “आजी, जात्यावरची गाणी अजून कोणी म्हणतं का हो?” त्या म्हणाल्या, “गिरनी आली अन् जातं गेलं, माय. हात थांबला तसा गयाही थांबला.” त्यांचा ‘गया’ म्हणजे आपला गळा. या बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. काळा तो काया, डोळे ते डोये. पुस्तकी मराठीची सवय असलेल्यांना हे अशुद्ध वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्याने प्राकृत व्याकरण पाहिले आहे त्याला ठाऊक असते, की कठीण वर्ण झिजून मऊ होणे हा भाषेचा नित्याचा व्यवहार आहे व आपली प्रमाण मराठीही अशीच झिजत घडलेली आहे. बहिणाबाईंच्या ओळी ‘शुद्ध’ करून लिहिल्या तर त्यांतला जीवच जाईल. तशी दुर्बुद्धी कोणास झाली नाही हे आपले भाग्य.

या भाग्याची हकीकत आता सांगतो, कारण या सर्व यात्रेत मला ती सर्वांत मोलाची वाटली. सोपान शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याने पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट घरी आईला वाचून दाखविली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई त्याच कथेचे गाणे म्हणत होती. रात्रीतून तिने ते मनात रचले होते. मुलाला नवल वाटले व तो आईची गाणी वहीत उतरवू लागला. त्याचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनीही काही गाणी लिहून ठेविली. शेत आणि घर यांतून कानावर पडेल ते टिपावयाचे, असे हे काम होते. जी टिपली गेली ती राहिली. जी गाताना जवळ कोणी नव्हते ती वाऱ्याबरोबर गेली.

तोच सोपान पुढे कवी सोपानदेव चौधरी म्हणून नावारूपास आला. आईच्या निधनानंतर ती वही त्यांनी आचार्य अत्रे यांना दाखविली. अत्रे यांनी ती वाचताच तिचे मोल ओळखले आणि त्यांच्याच प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे तो हाती घेण्यास बहिणाबाई राहिल्या नव्हत्या. त्यांनी एक गाणे जळगावच्या छापखान्यावर केले आहे. कोऱ्या कागदावर अक्षरे उमटताना पाहून त्यांना मोठे कौतुक वाटले होते. त्याच छापखान्याच्या विद्येने आपले शब्द घरोघर जातील, हे त्यांच्या स्वप्नातही नसेल. १९६१ च्या ‘मानिनी’ या चित्रपटातून त्यांची गाणी महाराष्ट्रभर पोहोचली, पाठ्यपुस्तकांत आली. आणि १९९० मध्ये जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला आपले नाव लिहिता येत नव्हते तिचे नाव आज पदवीधरांच्या प्रमाणपत्रावर असते.

याच खानदेशात अंमळनेर येथे साने गुरुजी शिक्षक होते व पुढे १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तेथे मुलाने आईविषयी लिहिले. जळगावात मुलाने आईचेच शब्द लिहून घेतले. दोन्ही कामे थोर आहेत. पण पहिल्यासाठी साने गुरुजींची प्रतिभा लागते. दुसऱ्यासाठी एक वही, एक लेखणी आणि आईजवळ बसण्यास थोडा वेळ, एवढे असले म्हणजे पुरते. म्हणून ते आपल्यापैकी प्रत्येकाला करता येण्यासारखे आहे.

आपल्या घरांत अजून ज्या वृद्ध स्त्रिया आहेत, त्यांच्या मुखी मंगळागौरीची गाणी आहेत, पाळणे आहेत, उखाणे आहेत, व्रतांच्या कहाण्यांचे घरोघरचे निराळे पाठ आहेत, शेतावरच्या व अंगणातल्या म्हणी आहेत. जाते बहुतेक घरांतून गेले. काही ठिकाणी ते तुळशीवृंदावनाशेजारी पडले आहे, काही ठिकाणी परसात पायरी झाले आहे. त्याबरोबर आवाजही जाणार हे उघड आहे. घरातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने सुटीत आजीजवळ बसून ते लिहून काढावे. हल्ली मोबाईलवर आवाज मुद्रित करण्याची सोयही आहे, तीही वापरावी. मास्तर म्हणून चार सूचना करतो. आजी जसे म्हणेल तसेच लिहावे, तिचे उच्चार सुधारू नयेत. ते तिने कोणाकडून ऐकले, तिचे माहेर कोणते, ते कोणत्या कामाच्या वेळी म्हणत असत, हे शेजारी नोंदवावे. तिथी व वर्ष घालावे. आणि तिला आठवेनासे झाले तर घाई करू नये. हाताला काम दिले, म्हणजे वाती वळावयास किंवा तांदूळ निवडावयास दिले, की गाणे पुष्कळदा आपण होऊन परत येते.

यातून प्रत्येक घरी बहिणाबाई निघेल असे मी म्हणत नाही. तशी प्रतिभा शतकातून एखादीच. परंतु प्रत्येक आजीने काही ना काही जपून ठेवलेले असते आणि ते विचारणारा कोणी असावा असे तिला मनातून वाटत असते. चौधरीवाड्यातील त्या वहीने एवढे तरी सिद्ध केले आहे, की विचारणारा मुलगा घरात असला तर जात्यावरची ओवी विद्यापीठाच्या दारापर्यंत जाते. आपल्या घरच्या ओव्या विद्यापीठापर्यंत न गेल्या तरी चालेल. त्या आपल्या नातवंडांपर्यंत पोहोचाव्यात, एवढीच प्रार्थना.